फूटभर सोंडेचा पतंग आणि आपल्या कॉलेजांतल्या पेट्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘मादागास्करच्या जंगलात सापडला फूटभर सोंडेचा नवा पतंग’ अशा मथळ्याची बातमी आपण छापलीत. एरवी पतंगांवर मराठी वर्तमानपत्रात चार ओळीही येत नाहीत, इथे चांगला पाव पान मजकूर होता. त्याबद्दल आधी आभार मानते आणि मग तक्रारीकडे वळते.

बातमीसोबतचा फोटो त्या पतंगाचा नाही. हिरव्या पंखांवर गुलाबी-पांढरी नक्षी असलेला जो देखणा पतंग आपण छापलात, तो कण्हेरीवरचा. त्याच्या अळ्या आमच्या साताऱ्यात कुणाच्याही अंगणातल्या तगरीवर पावसाळ्यात मिळतील. मादागास्करचा पतंग मळकट तपकिरी, पाचोळ्यात बसला तर दिसणारही नाही असा. फोटो शोधणाऱ्याला कदाचित तो फारच सामान्य वाटला असेल.

फोटोचं सोडा. मोठी चूक मजकुरात आहे. हा पतंग २०२१ साली जंगलात कुणाला अचानक सापडलेला नाही. शास्त्रज्ञांना तो १९०३ पासून माहीत आहे, तोही नावासकट. २०२१ मध्ये जे झालं ते निराळंच आहे आणि मला विचाराल तर जास्त रंजक आहे. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. मुलं मला मावशी म्हणत. नोकरीतला बराचसा काळ कीटकांच्या पेट्या झाडण्यापुसण्यात आणि टाचण्या बदलण्यात गेला, म्हणून एवढं लिहायचं धाडस. पत्र लांबलं तर हवं तसं कापा, आकडे मात्र तेवढे राहू द्या.

गोष्ट सुरू होते १८६२ च्या जानेवारीत. जेम्स बेटमन नावाच्या ऑर्किडवेड्या गृहस्थाने चार्ल्स डार्विनकडे फुलांची पेटी धाडली. तीत मादागास्करचं अँग्रेकम सेस्क्विपेडेल हे ऑर्किड होतं. पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांचं फूल आणि त्याच्या मागे लोंबणारी एक बारीक हिरवट नळी. डार्विनने ती मोजली. साडेअकरा इंच भरली आणि मधुरस होता तो फक्त तळाच्या दीड इंचात. हे शोषणारा कीटक असेल तरी कोणता, असं त्याने थक्क होऊन आपल्या हूकर या मित्राला कळवलं. त्याच वर्षी ऑर्किडांवरचं त्याचं पुस्तक आलं. मादागास्करात दहा-अकरा इंच सोंड लांबवू शकणारे पतंग असलेच पाहिजेत, असं त्याने त्यात लिहून टाकलं. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची टिंगल केली.

पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गअभ्यासक त्याच्या मदतीला आला. वॉलेस मादागास्करला गेला नाही. त्याने लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातले पतंग काढले आणि त्यांच्या सोंडा मोजल्या. दक्षिण अमेरिकेतल्या एकाची सव्वानऊ इंच भरली. उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेतल्या मॉर्गनी नावाच्या पतंगाची साडेसात. मग त्याने साधा हिशेब मांडला. ज्याची सोंड याहून दोन-तीन इंच जास्त असेल त्याला त्या फुलाचा तळ गाठता येईल. असा पतंग मादागास्करात असणार आणि खगोलवाल्यांनी ज्या खात्रीने नेपच्यून शोधला त्याच खात्रीने निसर्गअभ्यासकांनी तो शोधावा, असं त्याने लिहिलं. डार्विन नुसतं ‘पतंग’ म्हणाला होता. तो हॉकमॉथ असेल, म्हणजे संध्याकाळी निशिगंधावर भिरभिरत हवेतच तरंगून रस पिणाऱ्या दणकट पतंगांच्या कुळातला, हे वॉलेसने सांगितलं.

१९०३ मध्ये वॉल्टर रॉथशिल्ड आणि त्याचा संग्रह सांभाळणारा कार्ल जॉर्डन या दोघांनी जगभरच्या हॉकमॉथांचा आढावा छापला. त्यात मादागास्करच्या या पतंगाला प्रेडिक्टा हे नाव दिलं. भाकीत खरं ठरल्याची ती पोचपावती. डार्विन १८८२ मध्येच गेला होता. वॉलेस मात्र १९१३ पर्यंत होता, त्याला हे पाहायला मिळालं. हा पतंग त्या फुलावर येऊन परागांची ने-आण करतो याचा डोळ्यांदेखत पुरावा मिळायला पुढे १९९२ साल उजाडलं.

पण रॉथशिल्ड-जॉर्डननी त्याला स्वतंत्र जात मानलं नाही. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या मॉर्गनीचीच ही बेटावरची उपजात, असं त्यांनी ठरवलं आणि सव्वाशे वर्षांच्या आसपास सगळे तेच धरून चालले. २०२१ मध्ये जोएल मिने, पॅट्रिक बास्कँ, जाँ हॅक्सेर, डेव्हिड लीस आणि रोडॉल्फ रूजरी या पाच जणांनी मिळून दोन्ही ठिकाणचे नमुने शेजारी-शेजारी ठेवले आणि ही वेगळी जात आहे असं दाखवून दिलं. नावाच्या पुढे मात्र रॉथशिल्ड, जॉर्डन आणि १९०३ हेच राहतं. नाव ज्याने आधी ठेवलं त्याचाच मान, हा प्राण्यांच्या नामकरणाचा कडक नियम आहे आणि मला तो फार आवडतो. नंतर आलेल्याने कितीही मोठं काम केलं तरी आधीच्याची पाटी पुसता येत नाही.

आता वेगळी जात ठरवली ती कशावरून? आपल्या बातमीत नेमकं हेच नव्हतं, आणि खरी बातमी तर तीच आहे.

सगळ्यांच्या नजरेत भरते ती सोंड. मादागास्करच्या पतंगांची सोंड मुख्य भूमीवरच्यांपेक्षा लांब आहे. सर्वात लांब मोजली गेली ती २८.५ सेंटिमीटर. पतंगाचे दोन्ही पंख पसरले तर जेमतेम तेरा-पंधरा सेंटिमीटर होतात, त्यावरून कल्पना करा. पण नुसत्या लांबीवर जात ठरत नाही. एकाच जातीत खाल्ल्या-पिल्ल्याप्रमाणे लहानमोठे नमुने निघतात. अळीपणी पोटाला कमी पडलं की पतंगही खुरटा होतो. शिवाय वाळलेल्या पतंगाची सोंड मोजणं किती कटकटीचं असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. ती हनुवटीखाली घट्ट वेटोळं घालून कडक झालेली असते. आधी ओल्या वाळूच्या डब्यात, बुरशी येऊ नये म्हणून फिनॉलचे दोन थेंब टाकून, पतंग मऊ पडू द्यायचा. मग काचेवर पाण्याच्या ब्रशने वेटोळं हळूहळू सोडवत न्यायचं. घाई केली की मधेच तुकडा पडतो आणि मापही गेलं, नमुनाही गेला.

दुसरा फरक रंगाचा. मादागास्करच्या पतंगाचं अंग खालच्या बाजूने गुलाबीसर असतं, मुख्य भूमीवरच्याचं पांढरं किंवा पिवळट. हा फरक पतंग उलटा केल्याशिवाय दिसत नाही. पेटीत पतंग पाठ वर करून टोचलेला असतो, त्यामुळे पोट बघायचं राहून जातं. आमचे एक सर विद्यार्थ्यांना म्हणत, ‘आधी खालून बघा, वरून सगळेच सारखे.’

तिसरा फरक जननेंद्रियांचा. पेपरात हे लिहायला संकोच वाटत असेल, पण पतंगांच्या अभ्यासात यावाचून पान हलत नाही. पंखांवरची खवलं झडतात, रंग उडतात. पण पोटाच्या टोकाशी नराचे जे कठीण अवयव असतात त्यांचा आकार प्रत्येक जातीचा निराळा असतो. याच सरांचं पीएचडीचं काम पतंगांवर होतं, त्यामुळे मी हे हाताने केलेलं आहे. पोट अलगद मोडून काढायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात गरम पाण्यावर ठेवायचं, मऊ भाग विरघळला की घड्याळकाचेत घेऊन बारीक ब्रशने आतली घाण आणि चिकटलेली खवलं काढायची. मग लवंगेच्या तेलात ठेवायचं आणि शेवटी कॅनडा बाल्सममध्ये स्लाइड. दिवसभर विभागात लवंगेचा वास. दंतवैद्याकडे गेले की मला अजून पतंग आठवतात. स्लाइडवर आणि पतंगाच्या टाचणीवर एकच क्रमांक लिहायचा. तो क्रमांक चुकला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

चौथी गोष्ट डीएनएची. पतंगाचा एक वाळका पाय पुरतो. त्यातून एका ठरलेल्या जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचतात आणि दोन नमुन्यांत किती अक्षरं वेगळी निघतात ते बघतात. कॅनडाच्या पॉल हेबर्टने २००३ मध्ये ही पद्धत सुचवली. दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फरक गेला की अभ्यासकांचे कान टवकारतात. इथे तो ७.८ टक्के निघाला. अर्थात टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे. काही सख्ख्या जातींत फरक एक टक्काही नसतो, आणि एकाच जातीच्या लांबलांबच्या वस्त्यांत कधी भरपूर असतो.

खरी अडचण निराळीच होती. मादागास्कर आणि आफ्रिका यांच्यामध्ये समुद्र आहे, अरुंद जागीसुद्धा चारशे किलोमीटरच्या घरात. दोन्हीकडचे पतंग एकाच रानात फिरत असते तर ते आपसात जोड्या लावतात की नाही हे पाहून प्रश्न सुटला असता. ते कधी भेटतच नाहीत, मग जात एक की दोन हे सांगणार कोण? म्हणून सोंड, रंग, अवयव आणि डीएनए हे चार साक्षीदार वेगवेगळे तपासले आणि चौघांनी एकच सांगितलं. एकट्या सोंडेवर कुणी नवी जात जाहीर केली असती तर मी तरी मानली नसती.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर तिळाच्या शेतात जा. पाठीवर कवटीचं चित्र असलेला पतंग अनेकांनी पाहिला असेल. लोक अपशकुनी समजून चपलेने मारतात. त्याचीही सोंड पाहण्यासारखी असते, पण उलट कारणाने. आखूड, जाड, टोकदार, मधमाशांच्या पोळ्यात खुपसून मध चोरायला. आपल्याकडे कवटीवाल्याच्या दोन जाती आहेत, स्टिक्स आणि लॅकेसिस. पंख मिटून बसलेले असताना भले भले फसतात. मागचे पंख पुढच्या पंखांखालून सरकवून पाहायचे. पिवळ्यावर सुटे काळे पट्टे असतील तर स्टिक्स. काळा रंग जवळजवळ सगळीकडे पसरला असेल आणि पतंग अंगाने थोराड असेल तर लॅकेसिस. एवढं कुणाही शाळकरी मुलाला दाखवता येतं. पण दाखवायला दोन्ही शेजारी-शेजारी लागतात. ते असतात पेटीत, आणि माझं मूळ दुखणं हे पेट्यांचंच आहे.

नुसत्या फोटोवर काय होतं त्याचं उदाहरण व्हेनेझुएलाचं घ्या. तिथल्या ग्रान सबाना भागात २००९ मध्ये आर्थर अँकर या प्राणिशास्त्रज्ञाने एका झुबकेदार पांढऱ्या पतंगाचा फोटो काढला. पुढे तो जगभर फिरला, ‘पूडल मॉथ’ म्हणून गाजला. हौशी लोकांनी लोकरीच्या बाहुल्या केल्या, मग बाहुल्यांचेच फोटो खरा पतंग म्हणून फिरू लागले. तज्ज्ञ मात्र वर्षानुवर्षं अंदाज बांधत बसले. पोटाचं टोक फोटोत दिसत नाही आणि फोटोचा पाय तोडून डीएनए काढता येत नाही. उलट २०१७ मध्ये वाझ्रिक नाझारीने कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठ-संग्रहालयातून अभ्यासासाठी आणलेले जुने नमुने तपासता तपासता एक नवी जात ओळखली. तिच्या डोक्यावरची पिवळट-पांढरी खवलं बघून त्याने तिला डोनाल्ड ट्रम्पचं नाव दिलं. त्या नावाचीच बातमी झाली. ती जात तिच्या जवळच्या जातीपासून वेगळी कशी ओळखायची, हे मला एकाही मराठी बातमीत वाचायला मिळालं नाही.

आता आमच्या पेट्यांविषयी. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण असं एकाच ठिकाणी घडलेलं नाही. आमच्या विभागात काचेच्या झाकणांच्या लाकडी पेट्या होत्या. जुन्या प्राध्यापकांनी महाबळेश्वर, कोयना, आंबोलीच्या सहलींतून गोळा केलेले पतंग त्यांत होते. प्रत्येकाच्या टाचणीवर चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, काही ठिकाणी झाडाचं नावसुद्धा. चिनी शाईने इतकं बारीक लिहिलेलं की भिंग लागे. मी निवृत्त झाले त्यानंतर कुठलीशी तपासणी समिती येणार म्हणून खोली रंगवायला काढली. संगणकांसाठी जागा हवी होती. पेट्या मागच्या व्हरांड्यात गेल्या, पाऊस तिरपा आला, झाकणांच्या फटींतून ओल शिरली. बुरशी, मुंग्या, मग भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या. मी भेटायला गेले तेव्हा पतंगांच्या जागी तपकिरी भुकटी होती आणि तीत रिकाम्या टाचण्या उभ्या. चिठ्ठ्या तेवढ्या शाबूत. काचा भंगारवाल्याला दिल्या, असं शिपायाने सांगितलं. कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणणार नाही. ‘मावशी, ते सगळं आता नेटवर मिळतं,’ असं एक तरुण सर मला प्रेमानेच म्हणाले.

नेटवर त्या रानातला, त्या सालचा पतंग मिळत नाही. वॉलेसला सोंड मोजता आली ती कुणीतरी तो आफ्रिकेतला पतंग टाचणीवर लावून, चिठ्ठी जोडून, कसर लागू न देता ठेवला होता म्हणून. आंबोलीला उद्या एखाद्या मुलीला वेगळासा पतंग दिसला, तर तो नवा आहे हे म्हणायला आधी जुने सगळे काढून बघावे लागतात. हॅम्पसन या इंग्रज पतंगतज्ज्ञाने १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले, ते आजही उघडावे लागतात. पण पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघायलाही हातात नमुना हवाच. नव्या जातीचं नाव ज्या नमुन्यावरून ठरलं तो आदर्श नमुना कोणता आणि तो कुठे ठेवला आहे हे आता छापावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ मध्येही आहे की नवी जात सापडली तर कळवायचं आणि तिचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करायचा. कायद्याने नव्यासाठी सोय केली, छानच. जुने वाळवीच्या हवाली करू नका, एवढंच कुणी लिहिलेलं नाही.

गैरसमज नको. जाळी घेऊन रानात जा आणि दिसेल ते मारा, असं मी सांगत नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय ते करताही येत नाही आणि करूही नये. जे आधीच टाचणीवर आहे ते टिकवा, इतकंच.

आपल्याला एक विनंती. यापुढे ‘नवी प्रजाती’ अशी बातमी छापताना, मग ती मादागास्करची असो की पश्चिम घाटाची, आणखी तीन ओळी मिळवा. सर्वात जवळची जात कोणती, तिच्यापासून ही ओळखायची कशी, आणि नमुना कोणत्या संग्रहालयात आहे. हे संशोधकांना विचारलं तर ते आनंदाने सांगतात. सहसा कुणी विचारत नाही. आणि फोटो छापण्याआधी तो एकदा कुणा प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला दाखवा.

कॉलेजांच्या प्राचार्यांनाही आपल्यामार्फत सांगते. पेट्या ठेवायला खरंच जागा नसेल तर व्हरांड्यात काढण्याआधी पुण्याला आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पत्र टाकून विचारा. जी कॉलेजं पेट्या ठेवणार असतील, तिथल्या माझ्यासारख्या सहायकांसाठी एक कामाची गोष्ट: डांबरगोळी पेटीत सुटी टाकू नका, पेटी हलवली की ती घरंगळते आणि पतंगांचे पाय आणि स्पर्शिका मोडते. टाचणीचं डोकं दिव्यावर लाल होईपर्यंत तापवून गोळीत खुपसा, गार झाली की पक्की बसते; मग टाचणीचं टोक पेटीच्या कोपऱ्यात टोचा. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गोळ्या बदला.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)